शरीरातले निरोपे आणि आपला संसार

(प्राथमिक आरोग्य केंद्रावरील पती-पत्नी मेळाव्यात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज तुम्ही जोडीने आलात, याचा आनंद वाटतो. एरवी कुटुंब नियोजनाचा विषय निघाला की बायका नर्सबाईंकडे जातात आणि पुरुषमंडळी पारावर बसून राहतात. आजचा विषय दोघांचा आहे, म्हणून दोघांनी मिळून ऐकावा.

केंद्रावर येणारी जोडपी काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. कोणी उघड विचारतो, कोणी हळूच बाजूला घेऊन. "डॉक्टर, नसबंदी केली तर अंगातली ताकद जाते का हो?" "ऑपरेशन झाल्यावर पाळी बंद होते का?" "इंजेक्शन घेतलं आणि पाळी आली नाही, तर ते रक्त आत साठून राहतं का?" "बाळ अंगावर पितंय, मग दिवस कसे राहतील?" असे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या शरीराची काळजी आपल्यालाच वाटणार. पण गंमत अशी की, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत आहेत. आपले शरीर एका जागेचा निरोप दुसऱ्या जागी कसा पोचवते, एवढे एकदा समजले की अर्धी भीती आपोआप जाते. तेवढेच आज समजून घेऊ.

निरोप दोन वाटांनी जातो

विंचू चावला की विचार करायच्या आत पाय मागे येतो. हा निरोप मज्जातंतूंतून जातो. तारेतून वीज जावी तसा तो क्षणात पोचतो आणि क्षणात संपतो.

दुसरी वाट रक्ताची. शरीरात काही लहान लहान ग्रंथी आहेत. त्या एक प्रकारचा रस तयार करतात आणि थेट रक्तात सोडतात. रक्ताबरोबर तो सगळ्या अंगात फिरतो आणि ज्या अवयवासाठी असतो त्याला कामाला लावतो. या रसांना संप्रेरके म्हणतात. डॉक्टर लोक त्यांना हार्मोन्स म्हणतात. लंडनच्या स्टार्लिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९०५ साली हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतवणे, हालचालीला लावणे असा आहे. आपण त्यांना सरळ निरोपे म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, रक्त तर नखापासून केसाच्या मुळापर्यंत सगळीकडे फिरते, मग निरोप नेमक्या हव्या त्या अवयवालाच कसा मिळतो? पाटाचे पाणी दहा शेतांच्या कडेने वाहते, पण ज्या शेताचे दार उघडे असेल त्याच शेतात शिरते. तसेच हे आहे. प्रत्येक निरोप्यासाठी ठराविक अवयवांनाच दार असते. बाकीच्यांच्या शेजारून तो मुकाट्याने निघून जातो. आणि हे रस लागतात तरी किती? अगदी थोडे, चिमटीतही येणार नाहीत इतके. पण तेवढ्यानेच मुलाला मिसरूड फुटते, मुलीला पाळी येते आणि आईला दूध येते.

अंगातले कारखाने

घामाच्या आणि लाळेच्या ग्रंथींना नळी असते. त्यांचा रस नळीतून बाहेर येतो. संप्रेरकांच्या ग्रंथींना अशी नळी नसते, त्यांचा रस सरळ रक्तात उतरतो. हा नळीचा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळे अवलंबून आहे.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी आहे. ती आकाराने लहान, पण अधिकाराने मोठी. इतर कित्येक ग्रंथींना ती हुकूम सोडते. तिच्यावरही मेंदूच्या एका भागाची देखरेख असते. म्हणून तर मोठी काळजी, आजारपण किंवा उपासमार झाली की काही बायकांची पाळी पुढे-मागे होते.

गळ्याशी अवटू ग्रंथी आहे. तिलाच थायरॉईड म्हणतात. शरीराचा कारभार जलद चालावा की सावकाश, हे ती ठरवते. तिचा रस बनायला आयोडीन लागते. ते मिळाले नाही तर गळ्याला गलगंड होतो. म्हणून आयोडीनयुक्त मीठ वापरा असे आम्ही सांगतो. पोटात स्वादुपिंड आहे. त्याचे इन्शुलिन कमी पडले किंवा त्याचा परिणाम होईनासा झाला की मधुमेह होतो. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी आहेत. बांधावर अचानक साप दिसला की छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, ते त्यांचे काम.

आणि पुरुषाचे वृषण व स्त्रीचे बीजकोश, याही संप्रेरकांच्याच ग्रंथी आहेत. आपल्या संसाराशी यांचाच सगळ्यात जवळचा संबंध येतो.

कमी-जास्त कोण पाहतो?

दूध तापवताना ते वर येऊ लागले की बाई जाळ मागे ओढते, खाली बसले की पुन्हा सारते. पीयूषिका ग्रंथी तेच करते. बीजकोशाचा रस रक्तात कमी झाला की ती हुकूम वाढवते. पुरेसा झाला की हुकूम कमी करते. हे ओढणे-सारणे जन्मभर चालू असते. गर्भनिरोधक गोळी याच गोष्टीचा फायदा घेते. ते पुढे येईलच.

कोंबड्यांनी शिकवलेला धडा

आता एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. जर्मनीत ग्योटिंगन नावाचे गाव आहे. तिथे बेर्टोल्ड नावाचे प्राध्यापक होते. १८४९ साली त्यांनी सहा तरण्या कोंबड्यांवर प्रयोग केला. दोन कोंबड्यांचे वृषण काढून टाकले. त्यांचा तुरा वाढला नाही, त्यांना बांग देता येईना आणि ते भांडेनातही. उरलेल्या चौघांचे वृषणही जागेवरून काढले, पण प्रत्येकाच्या पोटात एक वृषण दुसऱ्याच जागी पुन्हा ठेवले. कोणाचे स्वतःचे, कोणाचे दुसऱ्याचे. हे चौघे कोंबडे मात्र छान वाढले. लालभडक तुरा, खणखणीत बांग, कोंबड्यांच्या मागे पळणे, सगळे जसेच्या तसे.

पुढे प्राध्यापकांनी पोट उघडून पाहिले. जागा बदललेल्या वृषणाला जुने मज्जातंतू जोडले गेले नव्हते, जुनी नळी तर नव्हतीच. पण त्याला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. याचा अर्थ काय? कोंबड्याचे कोंबडेपण नळीतून येत नव्हते. ते रक्तातून येत होते. रक्ताची वाट चालू होती, म्हणून कोंबडा कोंबडाच राहिला.

त्या रसाचे नाव पुढे कळले. १९३५ साली हॉलंडमध्ये वळूच्या वृषणांतून तो शुद्ध स्वरूपात वेगळा काढला गेला. त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन.

पुरुषाची कामे दोन, वाटाही दोन

आता पुरुषमंडळींनी नीट ऐकावे. वृषणाची कामे दोन आहेत. एक, शुक्रजंतू तयार करणे. दुसरे, टेस्टोस्टेरॉन तयार करणे. शुक्रजंतू बाहेर जातात ते शुक्रवाहिनी नावाच्या बारीक नळीतून. टेस्टोस्टेरॉन जाते ते थेट रक्तात. दाढी-मिशा, भरदार आवाज, अंगाची ताकद, पुरुषाची इच्छा आणि ताठरपणा, हे सारे टेस्टोस्टेरॉनशी जोडलेले आहे. नळीशी त्याचा काही संबंध नाही.

नसबंदीत आम्ही काय करतो? फक्त ती नळी बांधून तोडतो. वृषणाला हात लावत नाही. त्याच्या रक्तवाहिन्यांना हात लावत नाही. रस पूर्वीसारखाच तयार होतो आणि पूर्वीसारखाच रक्तात उतरतो. मग ताकद जाणार कोठून? नांगर धरणारा नांगर धरील, पैलवान आखाड्यात उतरेल आणि नवरा-बायकोचा संबंधही पहिल्यासारखाच राहील.

बरेच जण मनातल्या मनात गोऱ्ह्याची गोष्ट आठवतात. "गोऱ्हा खच्ची केला की त्याचा बैल होतो, तसंच आमचं होईल." हीच खरी भीती आहे, फक्त कोणी ती बोलून दाखवत नाही. म्हणून मीच बोलतो. गोऱ्हा खच्ची करताना चिमट्याने नळीबरोबर रक्तवाहिन्याही चिरडतात. त्यामुळे वृषण सुकून जाते. रस बनायचा थांबतो, म्हणून वळूचा मस्तवालपणा जाऊन तो शांत बैल होतो. नसबंदीत वृषण जिवंत आणि कामावर हजर असते. खच्ची करणे म्हणजे विहीरच बुजवणे. नसबंदी म्हणजे विहिरीला हात न लावता एक पाइप बंद करणे. या दोन गोष्टींत एवढा फरक आहे.

दुसरी शंका वीर्याची. वीर्य येणारच नाही असे काहींना वाटते. वीर्याच्या शंभर थेंबांत वृषणाकडून आलेला भाग दोन ते पाच थेंबांचाच असतो. बाकीचे पाणी वरच्या दुसऱ्या ग्रंथींचे असते आणि त्यांची वाट मोकळीच राहते. त्यामुळे नसबंदीनंतर वीर्य येते, डोळ्यांना फरक दिसत नाही, फक्त त्यात शुक्रजंतू नसतात. वृषणात तयार होणारे शुक्रजंतू शरीर आतल्या आत जिरवून टाकते.  आणि वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, असे जे सांगतात त्याला काही आधार नाही.

पण दोन गोष्टी पाळायला हव्यात. नळीच्या पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात. म्हणून ऑपरेशननंतर तीन महिने निरोध किंवा दुसरे साधन वापरलेच पाहिजे, आणि तीन महिन्यांनी वीर्याची तपासणी करून घेतली पाहिजे. तपासणीत शुक्रजंतू नाहीत असे कळले की मगच निश्चिंत व्हा. ही तपासणी टाळल्यामुळे बाईला दिवस गेले आणि घरात नाहक संशयाचे वादळ उठले, असे होऊ शकते. तपासणी करा म्हणजे बायकोवर विनाकारण बोट उठणार नाही.

हल्ली बिनटाक्याची नसबंदी होते. ही पद्धत चीनमध्ये ली शुनचियांग या डॉक्टरांनी १९७४ साली काढली. सुरीने मोठी चीर नाही, टाका नाही. जागा बधिर करून थोड्याच वेळात काम होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवसांनी हलके काम, आठवड्याने सायकल आणि जड काम.

बाईच्या महिन्याचे गणित

आता भगिनींकडे वळू. बाईच्या शरीरात हे निरोप महिनाभर एकामागून एक चालतात. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा.

पीयूषिका ग्रंथी बीजकोशाला पहिला हुकूम देते, "एक बीज पिकव." बीज पिकता पिकता बीजकोश एक रस सोडतो, तो इस्ट्रोजेन. त्याचा निरोप गर्भाशयाला जातो, "अंथरूण घाल." गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होऊ लागते. इस्ट्रोजेन भरपूर झाले की पीयूषिका दुसरा हुकूम सोडते, "बीज मोकळे कर." बीज बीजकोशातून सुटून बीजनलिकेत येते. मागे राहिलेली जागा दुसरा रस सोडते, तो प्रोजेस्टेरॉन. त्याचा निरोप, "अंथरूण मऊ ठेव, पाहुणा येण्याची शक्यता आहे."

पाहुणा आला नाही तर साधारण चौदा दिवसांनी प्रोजेस्टेरॉन कमी होते. आधार सुटला की ते अस्तर गळून पडते. तीच पाळी. म्हणजे पाळी हा शरीराने बाळासाठी घातलेल्या अंथरुणाचा न लागलेला भाग आहे. त्यात घाण किंवा विटाळ असे काही नाही.

पाहुणा आला, म्हणजे गर्भ राहिला, तर गर्भाकडून एक नवा निरोप निघतो, "अंथरूण काढू नका." म्हणून पाळी चुकते. हाच रस लघवीत उतरतो. आशाताईंकडे 'निश्चय' नावाची तपासणीची पट्टी असते, ती हाच रस ओळखते. पाळी चुकली तर आठ-आठ दिवस वाट पाहत बसू नका, तपासणी करा.

या गणितात जोडप्यांची फसगत कुठे होते ते सांगतो. पाळीच्या लगेच आधीच्या किंवा लगेच नंतरच्या दिवसांतच गर्भ राहतो, असे काही जण समजतात आणि मधले दिवस मोकळे धरतात. हे अगदी उलट आहे. बीज पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. ते जेमतेम एक दिवस जगते, पण शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात. म्हणून मधलेच दिवस जास्त जोखमीचे. आणि सगळ्यांची पाळी अठ्ठावीस दिवसांची नसते. एकवीस ते पस्तीस दिवसांपर्यंतची पाळीही ठीक असते, आणि एकाच बाईची या महिन्याला एक आणि पुढच्या महिन्याला दुसरी असू शकते. त्यामुळे नुसत्या बोटावरच्या हिशोबावर संसार सोपवू नये.

अंगावर पिणारे बाळ

म्हशीच्या आचळाला रेडकू लागले की ती पान्हा सोडते, हे तुम्ही रोज पाहता. बाईचेही तसेच. बाळ ओढू लागले की मेंदूकडून दोन निरोप निघतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर सोडते. बाळ वारंवार ओढत राहिले की मेंदू बीज पिकवण्याचा हुकूमही आवरता घेतो. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी उशिरा येते.

पण यावर विसंबण्यासाठी तिन्ही गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे. त्याला दिवसा आणि रात्रीही फक्त आईचेच दूध मिळत असावे, वरचे दूध, पाणी, घुटी काही नाही. आणि बाळंतपणानंतर अजून पाळी आलेली नसावी. या तिघांतली एक जरी गोष्ट सुटली तरी भरवसा संपला. आणि "पाळी आली की मग बघू" असे म्हणू नका. बीज आधी सुटते, पाळी मागून येते. कित्येक बायकांना पाळी न येताच पुन्हा दिवस राहतात. मांडीवरचे लेकरू अजून उभे राहिलेले नसते आणि पोटात दुसरे येते. दोघांचीही आबाळ होते आणि आईचे अंग पार झिजून जाते. म्हणून दोन बाळंतपणांत किमान तीन वर्षांचे अंतर ठेवा असे आम्ही आग्रहाने सांगतो.

साधने कोणता निरोप देतात?

माला-एन गोळी. हिच्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी औषधे थोड्या प्रमाणात असतात. रोज गोळी घेतली की पीयूषिका ग्रंथीला वाटते, रस पुरेसा आहे. ती जाळ मागे ओढते, म्हणजे बीज पिकवण्याचा आणि सोडण्याचा हुकूमच देत नाही. पाकिटात २८ गोळ्या असतात. २१ संप्रेरकांच्या आणि ७ लोहाच्या. गोळी रोज ठराविक वेळी घ्या. एखादी विसरली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या. दोन किंवा जास्त विसरल्या तर सोबत निरोध वापरा आणि नर्सबाईंना विचारा. बाळ सहा महिन्यांच्या आतले असून अंगावर पीत असेल, रक्तदाब वाढलेला असेल, पायाच्या शिरेत गाठ होऊन गेलेली असेल, यकृताचा आजार असेल, किंवा वय पस्तिशीच्या पुढे असून विडी ओढत असाल, तर ही गोळी घेऊ नये. म्हणून आधी तपासणी करून घ्या, शेजारणीचे पाकीट उसने आणू नका.

अंतरा इंजेक्शन. हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे. यात प्रोजेस्टेरॉनसारखे एकच औषध आहे. यानेही बीज सुटत नाही. अंथरूणही पातळ राहते, म्हणून पाळी अनियमित होते किंवा बंद राहते. रक्त आत साठते ही समजूत चुकीची आहे. अंथरूण घातलेच नाही तर झाडून काढायचे काय? बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, अंगावर पाजणाऱ्या आईलाही हे घेता येते. इंजेक्शन बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. हे माहीत असले म्हणजे घाबरायला होत नाही.

छाया गोळी. ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधली गेली. हिच्यात संप्रेरक नाही. ही गर्भाशयाच्या दाराशी उभी राहून इस्ट्रोजेनला आत येऊ देत नाही, म्हणून अंथरूण नीट तयार होत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी घ्यायची. सुरुवातीला पाळी लांबू शकते.

तांबी. हिच्यातही संप्रेरक नाही. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. बीजकोशाचे आणि मेंदूचे बोलणे पूर्वीसारखेच चालू राहते. दहा वर्षांची आणि पाच वर्षांची अशा दोन प्रकारच्या तांब्या मिळतात. हवी तेव्हा काढून घेता येते. पहिले काही महिने पाळीत रक्त थोडे जास्त जाऊ शकते.

निरोध. हा कोणालाच निरोप देत नाही, फक्त वाट अडवतो. पण गर्भाबरोबर गुप्तरोगांपासूनही वाचवतो. हे काम दुसरे कोणतेच साधन करत नाही.

तातडीची गोळी. निरोध फाटला किंवा साधन वापरलेच नाही, तर ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. बीज सुटणे ती लांबणीवर टाकते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. ही नेहमी वापरायची गोळी नव्हे.

बाईचे ऑपरेशन आणि पिशवी काढणे, या दोन वेगळ्या गोष्टी

बाईच्या नसबंदीत फक्त बीजनलिका बंद करतात. बीजकोश जागेवर असतात, त्यांचे रस रक्तात जात राहतात, गर्भाशयाचे अंथरूण घातले जाते आणि झाडलेही जाते. म्हणून पाळी येत राहते. आपली पाळी जायची वेळ येईल तेव्हाच ती जाईल. ऑपरेशनने म्हातारपण लवकर येत नाही.

पिशवी काढणे हे मात्र वेगळे आणि मोठे ऑपरेशन आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या कित्येक बायकांच्या पिशव्या कमी वयात काढल्या गेल्या, हा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम तुटते. तिशी-पस्तिशीतच अंगातून वाफा येतात, झोप जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात. काही आजारांत हे ऑपरेशन करावेच लागते, तिथे मागे हटू नये. पण अंगावर पांढरे जाते किंवा पाळीचा त्रास होतो एवढ्यावरून कोणी "पिशवी काढून टाका" म्हणाले, तर आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. कामाचे दिवस बुडू नयेत किंवा मूल नको, म्हणून पिशवी काढायची नसते. मूल नको असेल तर त्याला सोपी साधने आहेत.

आणि ज्या जोडप्याला मूल हवे असून होत नाही, त्यांनीही आमच्याकडे यावे. थायरॉईडचा बिघाड, बीज वेळेवर न सुटणे, पुरुषात शुक्रजंतू कमी असणे, अशी कारणे असू शकतात आणि त्यांतल्या कित्येकांवर उपचार आहेत. तपासणी दोघांची व्हावी. एकट्या सुनेला बोल लावू नये.

भार कोण उचलतो?

शेवटी पुरुषांना एकच आकडा सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर हजार विवाहित बायकांमागे सुमारे ३८० जणींची नसबंदी झालेली आढळली. पुरुषाची नसबंदी झालेली हजारात फक्त तीन. बाईच्या ऑपरेशनसाठी पोट उघडून आत जावे लागते, पुरुषाच्या नाही. सोपे ऑपरेशन कोणाचे, हे तुम्हीच सांगा. बाळंतपणाच्या कळा तिने सोसल्या, अंगावरचे दूध तिने पाजले. मूल पुरे झाल्यावर एक वेळ आपण पुढे झालो तर काय बिघडेल?

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात कित्येक ठिकाणी पुरुषांवर नसबंदीची सक्ती झाली. ते चुकीचे होते आणि त्या आठवणीने आजही काही घरे बिचकतात. म्हणून स्पष्ट सांगतो, आज सक्ती नाही. साधन कोणते घ्यायचे, घ्यायचे की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचे. नसबंदी मात्र कायमची समजूनच करा, कारण नळी पुन्हा जोडण्याचा भरवसा देता येत नाही. मूल पुरे झाले असे दोघांनाही मनापासून वाटले तरच करा. आमचे काम खरी माहिती देणे आणि तुम्ही ठरवाल ते नीट पार पाडणे, एवढेच आहे.

लक्षात ठेवा

१. पुरुषत्व नळीत नसते. ते रक्तातून येते. नसबंदीने ताकद जात नाही.
२. पुरुष नसबंदीनंतर तीन महिने दुसरे साधन वापरा आणि वीर्य तपासून घ्या.
३. बाईच्या नसबंदीने पाळी बंद होत नाही.
४. अंतरा इंजेक्शनने पाळी आली नाही तरी रक्त आत साठत नाही.
५. बाळंतपणानंतर पाळी येण्याआधीही दिवस राहू शकतात.
६. गोळी आणि इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी तपासणी करून घ्या.
७. पिशवी काढणे हा कुटुंब नियोजनाचा उपाय नाही.

ही साधने प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. गोळ्या आणि निरोध उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे मागा. मनात शंका असेल तर गावातल्या गप्पांवर जाऊ नका, नर्सबाईंना किंवा आम्हांला विचारा. आणि विचारायला येताना आजच्यासारखेच जोडीने या.